रोज ३०० शब्द, वर्षभरात कादंबरी: लिहिण्याची सवय लागते कशी आणि कोणती साधनं खरंच कामाला येतात?

लॅपटॉपमध्ये ‘कादंबरी फायनल’ नावाची एक फाइल असते. पहिलं प्रकरण चार वेळा पुन्हा लिहिलेलं, दुसरं अर्ध्यावर सोडलेलं, आणि फाइल शेवटची उघडली होती ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. कादंबरी लिहायला घेतलेल्या अनेकांची गाडी इथेच अडते. कविता एका बैठकीत होऊ शकते, कथा दोन-चार रविवारांत उरकता येते. कादंबरीला मात्र महिनोन्‌महिने लागतात आणि तेवढा काळ ‘मूड’ कुणाचाच टिकत नाही.

म्हणून आधी साधा हिशेब करू. दिवसाला ३०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे १,५०० शब्द. वर्षातले दोन आठवडे आजारपण, लग्नकार्य, गणपती यांना सोडून दिले तरी ५० आठवडे उरतात. १,५०० गुणिले ५०, म्हणजे ७५,००० शब्द. मध्यम आकाराच्या कादंबरीचा पहिला खर्डा एवढ्यात होतो. ३०० शब्द म्हणजे किती? ग्रुपवर राजकारणावरून वाद घालताना एका संध्याकाळी याहून जास्त टाइप होतं.

हिशेब सोपा आहे. तो रोज पाळायचा कसा, हा खरा प्रश्न.

घड्याळ समोर ठेवून लिहिणारा पोस्ट खात्यातला माणूस

या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर एका ब्रिटिश सरकारी नोकराने देऊन ठेवलंय. अँथनी ट्रोलॉप १८३४ ते १८६७ अशी ३३ वर्षं पोस्ट खात्यात होता आणि त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. पहाटे साडेपाचला तो टेबलावर बसलेला असायचा. वेळेत उठवून कॉफी आणून द्यायला त्याने एक नोकर ठेवला होता आणि या कामाचे वर्षाला पाच पौंड तो वेगळे द्यायचा. साडेआठपर्यंत लिहायचं आणि मग ऑफिस. समोर घड्याळ, आणि दर पाव तासाला २५० शब्द असा नियम. कुठल्या दिवशी किती पानं झाली याची तो डायरीत नोंद ठेवायचा. काम सुटलं तर तो रिकामा रकाना रोज डोळ्यांसमोर येईल, एवढाच त्या डायरीचा हेतू.

त्याच्या दिनक्रमातली एक बारीक गोष्ट आजही जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. बसल्या बसल्या तो लिहायला सुरुवात करायचा नाही. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात जायचा. पात्रांचे आवाज, वाक्यांची लय पुन्हा कानात बसली की मग पुढचं वाक्य. ‘आज काय लिहू’ म्हणत कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसणाऱ्यांना याचा लगेच उपयोग होतो. फक्त कालचं वाचताना तेच दुरुस्त करत बसायचं नाही. पहिलं प्रकरण चार वेळा लिहिलं जातं ते याच मोहापायी.

नोकरीमुळे त्याला बराच प्रवास करावा लागे. त्यासाठी त्याने मांडीवर ठेवून लिहिता येईल अशी छोटी पाटी करून घेतली होती आणि रेल्वेच्या डब्यात तो त्यावर पेन्सिलने लिहीत असे. कल्याण किंवा विरार लोकलमध्ये ज्यांना बसायला जागा मिळते, त्यांच्या हातात आज त्याहून हलकं साधन असतं.

ट्रोलॉपचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं. घड्याळाचा हा प्रकार वाचून अनेकांनी नाकं मुरडली आणि लेखक म्हणून त्याची पत घसरली. कला अशी मोजून-मापून होते का, हा आक्षेप तेव्हाही होता. पण त्याच्या कादंबऱ्या आजही छापल्या आणि वाचल्या जातात.

मराठीला नोकरी करून लिहिणं नवं नाही

१९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आली तेव्हा शिवाजी सावंत शिक्षक होते. ‘पानिपत’ आणि ‘झाडाझडती’ लिहिणारे विश्वास पाटील प्रशासकीय सेवेतले अधिकारी. बाबुराव अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एवढं लिहिणारा माणूस स्फूर्ती येण्याची वाट बघत बसला असेल असं वाटत नाही.

त्याहून मागे गेलं तर हरि नारायण आपटे भेटतात. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. शिवाय पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढचा अंक निघणार म्हणजे पुढचा मजकूर हवाच, त्यात सवलत नाही. लिहिणाऱ्याला बाहेरून बसवणारी मुदत, हे सवयीचं सगळ्यात जुनं साधन आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू झाले की कित्येक लेखकांची लेखणी चालू लागते, त्याचं कारणही हेच.

आज ही जागा काही प्रमाणात २०१४ मध्ये बेंगळुरूहून सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांनी घेतलीय. मराठीत भाग टाकत जायचे, वाचक खाली ‘पुढचा भाग कधी?’ विचारतात. याचा फायदा असा की लिखाण थांबत नाही. तोटा असा की वाचकांच्या आग्रहाखातर कथा लांबत जाते आणि मागचं प्रकरण बदलायची सोय राहत नाही. ज्यांना शांतपणे आणि वरचेवर मागे वळून रचना करायची आहे, त्यांनी दर शुक्रवारी एकाच विश्वासू मित्राला प्रकरण पाठवायचं ठरवलं तरी मुदतीचं काम होतं.

उलट उदाहरणंही आहेत. १९६३ मध्ये आलेली ‘कोसला’ भालचंद्र नेमाडे यांनी थोड्या दिवसांच्या सलग झपाट्यात लिहिली, असं वाचकांमध्ये कायम सांगितलं जातं. त्यांचीच ‘हिंदू’ यायला मात्र २०१० साल उजाडलं. झपाटा येतो तेव्हा जरूर लिहावं, पण त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लावता येत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, हे खरं का?

सोशल मीडियावर हा आकडा सतत फिरत असतो. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला, चेहराही गळून पडला आणि उरला फक्त आकडा.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास याबाबतीत जास्त कामाचा आहे. जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम करणं अशी एक नवी गोष्ट प्रत्येकाने रोज ठराविक प्रसंगी करायची होती. ती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. पाण्याचा ग्लास उचलण्यापेक्षा कादंबरीचं पान लिहिणं अवघड, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. तेव्हा तीन आठवड्यांनीही रोज स्वतःला ओढत टेबलाशी न्यावं लागत असेल तर त्यात वावगं काही नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते, आणि ती जास्त दिलासा देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. इथेच ‘साखळी तुटू देऊ नका’ या लोकप्रिय सल्ल्याची अडचण समोर येते. कॅलेंडरवर रोज फुली मारत जायची आणि फुल्यांची रांग मोडायची नाही, ही पद्धत विनोदी कलाकार जेरी साइनफेल्डच्या नावावर खपवली जाते. ही कल्पना आपली नाही, असं त्याने स्वतःच सांगितलंय. रांग वाढत असते तोवर छान वाटतं. ४० दिवसांची रांग एका तापाच्या दिवशी तुटली की अनेकजण वहीच बंद करून टाकतात. त्यापेक्षा आठवड्याचा कोटा ठेवावा. सातपैकी कुठलेही पाच दिवस, एकूण १,५०० शब्द. बुधवार गेला तर रविवार आहे.

कधी बसायचं आणि कुठे थांबायचं

‘रोज वेळ मिळेल तेव्हा लिहीन’ हा संकल्प सहसा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली युक्ती साधी आहे: आधीपासून घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवं काम बांधून टाकायचं. ‘सकाळचा चहा कपात ओतला की फाइल उघडायची.’ ‘मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की अर्धा तास.’ वेळ पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी खूण तीच राहते, आणि रोज नव्याने ठरवत बसावं लागत नाही.

पहाटेच लिहायला हवं असंही नाही. टोनी मॉरिसन संपादकाची नोकरी आणि दोन मुलं सांभाळून उजाडायच्या आत लिहायच्या. हारुकी मुराकामी आता कादंबरी लिहिताना पहाटे चारला उठतो आणि पाच-सहा तास लिहितो, हे सगळीकडे सांगितलं जातं. पण पहिली कादंबरी त्याने स्वतःचा जॅझ बार चालवत, रात्री बार बंद झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली होती. पहाटे चारचा मुराकामी हा बार विकल्यानंतरचा मुराकामी आहे. ज्यांचा बार अजून चालू आहे, त्यांनी आधीच्या मुराकामीकडे बघावं.

थांबण्याबद्दल अर्नेस्ट हेमिंग्वेचा सल्ला प्रसिद्ध आहे: पुढे काय होणार हे माहीत असताना थांबा. सगळं लिहून मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी शून्यातून सुरुवात करावी लागते. नायिका दार उघडतेय आणि दाराबाहेर कोण उभं आहे हे लेखकाला ठाऊक आहे, तिथेच फाइल बंद करायची. तोसुद्धा रोजच्या शब्दांचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यात मांडायचा.

इंग्रजीतला कोटा मराठीत आणू नका

शब्दांचे बहुतेक कोटे इंग्रजीतून आलेत. स्टीफन किंगने लेखनावरच्या पुस्तकात स्वतःचा कोटा दिवसाला २,००० शब्द सांगितला आणि नवोदितांना १,००० शब्दांनी सुरुवात करायला सुचवलं. १९९९ मध्ये अमेरिकेत २१ जणांनी मिळून सुरू केलेला ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम तर ३० दिवसांत ५०,००० शब्दांचा होता, म्हणजे रोज साधारण १,६६७. एरिन मॉर्गनस्टर्नच्या ‘द नाइट सर्कस’ची सुरुवात यातूनच झाली. ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली. महिनाभराचा धडाका आवडणारे तो आकडा आजही वापरतात.

मराठी लेखकाने हे आकडे घेताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोर’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ असे पाच शब्द मोजले जातात. ‘मित्रांबरोबरचं’, ‘सांगितल्याशिवाय’, ‘त्याच्याकडून’ यांचंही तसंच. म्हणजे तोच प्रसंग मराठीत लिहिला तर शब्दसंख्या कमी भरते. किंगचा १,००० चा कोटा मराठीत पाळणारा माणूस प्रत्यक्षात किंगने सुचवल्यापेक्षा जास्त काम करत असतो आणि तरीही स्वतःला आळशी समजत असतो. वरच्या हिशेबात ३०० चा आकडा धरला आहे तो यामुळेही. दोन आठवडे मोजणी न बदलता लिहून बघावं, सरासरी काढावी आणि कोटा तिच्यापेक्षा थोडा खाली ठेवावा. थकलेल्या दिवशीही गाठता येईल एवढाच.

कशात लिहायचं, यापेक्षा कुठल्या फॉन्टमध्ये लिहायचं

साधनांची चर्चा सुरू झाली की ऍपची नावं येतात. मराठीत त्याआधीचा प्रश्न टायपिंगचा आहे आणि चुकलं तर तो खूप महागात पडतो.

श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवतो. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पानभर अर्थहीन चिन्हं दिसतात. अशा मजकुरात पात्राचं नाव शोधता येत नाही आणि फोनवर वाचताही येत नाही. त्यामुळे नवीन कादंबरी सुरू करताना युनिकोड हाच पर्याय. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड असतात. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं टाइप करणाऱ्यांना फोनेटिक लगेच जमतो. इनस्क्रिप्ट शिकायला काही आठवडे जातात, पण कादंबरीएवढं टाइप करायचं असेल तर ते वसूल होतात, कारण एकेका अक्षरासाठी कमी कळा दाबाव्या लागतात आणि मध्येच सुचवलेल्या शब्दांतून निवड करत थांबावं लागत नाही.

हाताने लिहिणारे आजही खूप आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यांच्यासाठी बोलून टाइप करण्याची सोय उपयोगी आहे. जीबोर्ड आणि गूगल डॉक्स, दोन्हींत मराठी चालते. वहीतलं पान मोठ्याने वाचायचं, मजकूर उमटतो. विरामचिन्हं बहुतेक वेळा नंतर हाताने भरावी लागतात आणि बोलीतले शब्द हमखास बिघडतात. मोठ्याने वाचताना कुठलं वाक्य अडखळतं तेही कळतं, हा वरचा फायदा.

ऍपबद्दल थोडक्यात. सुरुवातीला गूगल डॉक्स पुरेसं आहे: फुकट आहे, फोनवर चालतं, आणि ‘व्हर्जन हिस्टरी’मधून मागचा मजकूर परत आणता येतो. ‘स्क्रिव्हनर’ हे खास लांब लेखनासाठीचं सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रसंग कार्डांसारखे मांडून त्यांचा क्रम बदलता येतो आणि रोजचं लक्ष्यही लावता येतं. ते एकदाच विकत घ्यायचं असतं. ३० दिवसांच्या चाचणीत प्रत्यक्ष वापरलेले दिवसच मोजले जातात. पण अँड्रॉइडवर ते नाही, त्यामुळे फोनवर लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग कमी. घेण्याआधी चाचणीतच मराठी प्रकरण टाकून बघावं. पात्रांची वयं, गावं, कुणाचं कुणाशी नातं हे मांडायला साधी शंभर पानी वही चांगली. नव्या ऍपमध्ये पात्रांचे रंगीत तक्ते बनवण्यात महिना घालवणं म्हणजे न लिहिण्याचा सभ्य मार्ग आहे.

लक्ष टिकवण्यासाठी फ्रान्सेस्को सिरिलोची २५ मिनिटांची ‘पोमोडोरो’ पद्धत चालते. तो टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर वापरायचा, म्हणून ते नाव. टायमर फोनवर लावला तर फोन हातात येतो, आणि मग पुढचं सगळ्यांना माहीत आहे. घरातला गजर किंवा कुकरशेजारचा टायमर बरा.

एआय साधनांचा मोह आता सगळ्यांनाच आहे. शुद्धलेखन तपासायला किंवा एखाद्या काळातल्या कपड्यांबद्दल प्राथमिक माहिती काढायला ती ठीक, माहिती मात्र पडताळून घ्यावी. संवाद ‘सुधारून’ घ्यायला गेलं तर वऱ्हाडी आजी आणि मालवणी तात्या दोघंही वर्तमानपत्री प्रमाण मराठीत बोलायला लागतात. सवयीच्या बाजूने बघितलं तर आणखी एक अडचण आहे: अडल्यावर दहा मिनिटं अडून राहण्याचा सराव होत नाही, आणि कादंबरीत अडणं रोजचंच असतं.

हस्तलिखित हरवू नये म्हणून

डिसेंबर १९२२ मध्ये हेमिंग्वेची पत्नी हॅडली पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून त्याला भेटायला लोझानला निघाली होती. तिने त्याचं लिखाण एका बॅगेत भरलं होतं. ती बॅग चोरीला गेली. लिखाणाच्या कार्बन कॉपीही त्याच बॅगेत होत्या. १९१९ मध्ये टी. ई. लॉरेन्सचं ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’चं हस्तलिखित इंग्लंडमधल्या रेडिंग स्टेशनवर गाडी बदलताना हरवलं. टिपणं त्याने बरीचशी नष्ट केली होती, त्यामुळे पुस्तक आठवून पुन्हा लिहावं लागलं.

आजची बॅग म्हणजे लॅपटॉप. त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत ही हॅडलीच्या बॅगेतली कार्बन कॉपीच झाली. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक क्लाउडवर आणि एक घराबाहेर कुणाकडे तरी पेन ड्राइव्हवर, एवढं हवंच. वहीत लिहिणाऱ्यांनी दर रविवारी आठवड्याच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करावेत, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि खर्डा पूर्ण झाल्यावर तो प्रकाशकाकडे जाईल तेव्हा काय होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. अनेक ठिकाणी पानांची मांडणी अजूनही जुन्या फॉन्टमध्ये होते, म्हणजे युनिकोडचा मजकूर तिथे बदलून घेतला जातो. या बदलात रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र गायब होतो. म्हणून पूर्ण फाइल देण्याआधी दहा पानांचा नमुना द्यावा, फाइलसोबत पीडीएफ जोडावी आणि छापायला जाण्यापूर्वी पानांची प्रुफं मागून पहिल्या ओळीपासून स्वतः वाचावीत.